सत्यजित राय : मुखपृष्ठातून चित्रपटाकडे

चित्रपट दिग्दर्शक म्हणून सत्यजित राय यांचे नाव साऱ्या जगाला परिचित आहे. ‘पथेर पांचाली’, ‘अपराजितो’, ‘चारुलता’ या चित्रपटांनी भारतीय चित्रपटसृष्टीला जागतिक चित्रकलावंतांच्या पंक्तीत मानाचे स्थान मिळवून दिले. तथापि दिग्दर्शक म्हणून मान्यता मिळण्यापूर्वी सुमारे एक तप ते जाहिरात संस्थेत नोकरी करणारे चित्रकार आणि पुस्तकांची मुखपृष्ठे रेखाटणारे कलावंत होते. विशेष म्हणजे चित्रपटात कीर्ती मिळाल्यानंतरही त्यांनी हे काम सोडले नाही. तुटपुंज्या साधनांवर चालणाऱ्या ‘एक्षण’ या बंगाली पत्रिकेची आणि मुलांसाठीच्या ‘संदेश’ मासिकाची मुखपृष्ठे त्यांच्याच हातची असत. मुखपृष्ठ ही पुस्तकाची सजावट नसून कथनाचा आरंभ आहे, ही त्यांची धारणा होती. त्यांच्या चित्रपटकलेचे मूळही याच धारणेत सापडते.

छापखान्याच्या घरात जन्म

सत्यजित राय यांचा जन्म २ मे १९२१ रोजी कोलकाता येथे झाला. गडपार रस्त्यावरील ज्या घरात ते जन्मले, त्याच घरात ‘यू. राय अँड सन्स’ हा राय कुटुंबाचा छापखाना होता. आजोबा उपेंद्रकिशोर रायचौधुरी हे लेखक, चित्रकार आणि संगीताचे जाणकार होतेच. शिवाय मुद्रणशास्त्रातील संशोधक म्हणूनही त्यांची ख्याती होती. छायाचित्रातील करड्या छटा लहानमोठ्या ठिपक्यांच्या साहाय्याने छापण्याचे हाफटोन तंत्र त्या काळी नवे होते. उपेंद्रकिशोर यांनी कोलकात्यात बसून त्यावर स्वतंत्र प्रयोग केले आणि त्यांचे निष्कर्ष इंग्लंडमधील ‘पेनरोज’ या मुद्रणविषयक वार्षिकात प्रसिद्ध झाले.

उपेंद्रकिशोर यांनी १९१३ मध्ये मुलांसाठी ‘संदेश’ हे मासिक सुरू केले. बंगालीत संदेश म्हणजे वार्ता आणि संदेश म्हणजे मिठाईही. दोन्ही अर्थ मासिकाला शोभणारे होते. मासिकातील मजकूर, चित्रे, ठसे आणि छपाई असे सर्व काही एकाच घरात तयार होत असे. १९१५ मध्ये उपेंद्रकिशोर यांचे निधन झाल्यावर मासिकाची धुरा त्यांचे पुत्र सुकुमार राय यांच्याकडे आली. सुकुमार यांनी इंग्लंडमध्ये मुद्रणतंत्राचे शिक्षण घेतले होते. बंगाली बालसाहित्यातील अजोड विनोदी कवी आणि स्वतःच्या कवितांना स्वतःच चित्रे काढणारे कलावंत म्हणून त्यांचे स्थान आजही अढळ आहे.

मात्र हे वैभव सत्यजित यांच्या वाट्याला आले नाही. सुकुमार राय यांना काळा आजाराने ग्रासले. अंथरुणाला खिळलेल्या अवस्थेतही ते ‘आबोल ताबोल’ या आपल्या पुस्तकाच्या मांडणीवर काम करीत राहिले. सप्टेंबर १९२३ मध्ये, वयाच्या अवघ्या ३५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले आणि त्यानंतर काही दिवसांनी ते पुस्तक प्रकाशित झाले. सत्यजित त्या वेळी अडीच वर्षांचेही नव्हते. पुढील काही वर्षांत छापखाना कर्जात बुडाला, राहते घर सोडावे लागले आणि आई सुप्रभा राय मुलाला घेऊन भवानीपूर भागात आपल्या भावाच्या आश्रयाला आल्या. त्यांनी विधवांसाठीच्या संस्थेत हस्तकला शिकवून संसाराला हातभार लावला.

ज्या कुटुंबात तीन पिढ्यांना पुरेल इतकी मुद्रणविद्या होती, त्या कुटुंबातील मुलाच्या हाती केवळ जुन्या अंकांचे संच आणि छापखान्याच्या अंधुक आठवणी उरल्या. चांगले मासिक गुणवत्तेच्या अभावी नव्हे, तर पैशाच्या अभावी बंद पडते, हा धडा त्यांना बालपणीच मिळाला.

शांतिनिकेतन आणि अजिंठा

कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयातून अर्थशास्त्र विषयात पदवी घेतल्यानंतर, आईच्या आग्रहावरून सत्यजित १९४० मध्ये शांतिनिकेतनच्या कलाभवनात दाखल झाले. आपण जन्मजात चित्रकार आहोत असे त्यांना वाटत नव्हते. जाहिरात क्षेत्रात उपयोगी पडेल असे शिक्षण घ्यावे, एवढाच त्यांचा हेतू होता. तेथे नंदलाल बोस आणि विनोदविहारी मुखर्जी हे गुरू त्यांना लाभले. नंदलाल यांच्याकडून त्यांनी रेषेची शिस्त घेतली. निसर्गातील आकाराची हुबेहूब नक्कल करण्याऐवजी त्याची लय पकडावी, ही त्या परंपरेची शिकवण होती. विनोदविहारी यांच्याविषयीचा आदर त्यांनी आयुष्यभर जपला. गुरूंची दृष्टी पूर्णपणे गेल्यानंतरही त्यांचे कलासाधन सुरू राहिले, याचे चित्रण राय यांनी १९७२ मध्ये ‘द इनर आय’ या माहितीपटात केले.

याच काळात राय यांनी सहाध्यायांसमवेत भारतातील प्राचीन कलास्थळांचा प्रवास केला. महाराष्ट्रातील अजिंठा, वेरूळ आणि घारापुरी येथील लेणी त्यांनी पाहिली. पाश्चात्त्य कला आणि संगीत यांच्या प्रभावाखाली वाढलेल्या या तरुणाला भारतीय कलेचे सामर्थ्य या प्रवासाने प्रथमच जाणवून दिले. अजिंठ्याच्या भिंतींवर एका सलग पटावर कथा उलगडत जाते, पात्रांच्या मुद्रा आणि हात बोलतात, तपशील मोजका असूनही दृश्य भरलेले वाटते. पुढे राय यांच्या रेखाटनांत आणि चित्रपटांतही हेच गुण दिसून आले.

दुसऱ्या महायुद्धात जपानी विमानांनी डिसेंबर १९४२ मध्ये कोलकात्यावर बाँब टाकले. त्या सुमारास राय यांनी अभ्यासक्रम अपूर्ण ठेवून शांतिनिकेतन सोडले.

ऐंशी रुपयांची नोकरी

एप्रिल १९४३ मध्ये राय ‘डी. जे. कीमर’ या ब्रिटिश जाहिरात संस्थेत कनिष्ठ चित्रकार म्हणून रुजू झाले. दरमहा वेतन ऐंशी रुपये होते. चहा, बिस्किटे, तेल अशा वस्तूंच्या जाहिरातींची मांडणी करता करता त्यांनी एक महत्त्वाची गोष्ट आत्मसात केली. रस्त्याने जाणारा माणूस जाहिरातीकडे क्षणभरच पाहतो. त्या क्षणात त्याला सांगायचे ते सांगून झाले पाहिजे. राय यांनी जाहिरातींत अल्पनेच्या नक्षीसारखे बंगाली लोककलेतील आकार आणि हाताने काढलेली अक्षरे आणली. पुढे ते त्या संस्थेचे कलादिग्दर्शक झाले.

याच संस्थेत काम करणारे दिलीपकुमार गुप्त यांनी १९४३ मध्ये ‘सिग्नेट प्रेस’ ही प्रकाशन संस्था स्थापन केली आणि तिच्या पुस्तकांच्या मुखपृष्ठांची जबाबदारी राय यांच्याकडे सोपविली. बंगाली ग्रंथनिर्मितीच्या इतिहासात या घटनेला वेगळे महत्त्व आहे. तोपर्यंत बहुतेक पुस्तकांवर साधी नावे किंवा ठरावीक सजावट छापली जात असे. सिग्नेटच्या पुस्तकांमुळे मुखपृष्ठ हा वाचनाचा भाग आहे, हा विचार बंगालीत रुजला. जीवनानंद दास यांचे ‘बनलता सेन’ आणि ‘रूपसी बांगला’ हे कवितासंग्रह, तसेच पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ या ग्रंथाची १९४६ ची आवृत्ती यांची मुखपृष्ठे राय यांनीच केली.

जिम कॉर्बेट यांच्या कुमाऊँमधील नरभक्षक वाघांवरील पुस्तकाच्या बंगाली आवृत्तीचे मुखपृष्ठ त्यांच्या विचारपद्धतीचा उत्तम नमुना मानले जाते. पुस्तकावर वाघाचे चित्र नाही, शिकारी नाही, जंगलही नाही. दोन्ही बाजूंना वेढणारे वाघाचे पट्टेदार कातडे आहे. एका बाजूला गोळी आत शिरल्याचे लहान छिद्र आहे आणि दुसऱ्या बाजूला ती बाहेर पडल्याची मोठी जखम आहे. गोळी शिरते तेथील छिद्र लहान असते आणि निघते तेथील मोठे, हा शिकारीतील साधा तपशील आहे. त्याच्या आधारे राय यांनी संपूर्ण पुस्तकालाच वाघाचे शरीर बनविले. वाचक पुस्तक उलटतो, तेव्हा त्याच्या हातून गोळीचा मार्गच आरपार जातो.

या कामामागे तांत्रिक मर्यादाही होत्या. त्या काळी चित्र छापण्यासाठी धातूचे ठसे करावे लागत. प्रत्येक रंगासाठी वेगळा ठसा लागे आणि कागद यंत्रातून तितक्या वेळा काढावा लागे. रंग वाढला की खर्च वाढे. छायाचित्रासाठी लागणाऱ्या हाफटोन ठशापेक्षा केवळ रेषा आणि सपाट रंगांचा ठसा स्वस्त पडे. बंगाली खिळ्यांचे शीर्षकासाठी वापरता येतील असे प्रकारही मोजकेच होते. राय यांनी या अडचणींतूनच आपली शैली घडविली. दोन रंगांत काम भागवावे, न छापलेला कागद हाच तिसरा रंग मानावा आणि खिळ्यांऐवजी अक्षरे हाताने काढावीत, हे त्यांच्या मुखपृष्ठांचे सूत्र झाले. जेथे पैसा कमी होता, तेथे कल्पनेला अधिक काम करावे लागले.

चित्रांच्या पुस्तकातून चित्रपट

सिग्नेट प्रेसने विभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या ‘पथेर पांचाली’ या कादंबरीची मुलांसाठी संक्षिप्त आवृत्ती ‘आम आंटिर भेंपू’ या नावाने प्रसिद्ध केली. तिचे मुखपृष्ठ आणि आतील चित्रे काढण्याचे काम राय यांच्याकडे आले. चित्रे काढण्यासाठी कथेतील प्रसंग निवडावे लागतात. कोणता क्षण दाखवावा, कोणता वगळावा, अपू आणि दुर्गा चौकटीत कोठे असावीत, हे ठरवावे लागते. हे करीत असतानाच या कथेत एक चित्रपट दडला आहे, याची जाणीव त्यांना झाली. या पुस्तकातील काही चित्रे पुढे पडद्यावरील दृश्यांच्या रूपाने अवतरली.

१९४७ मध्ये, स्वातंत्र्यानंतर अवघ्या दोन महिन्यांत, राय यांनी चिदानंद दासगुप्त आणि इतर सहकाऱ्यांसह ‘कलकत्ता फिल्म सोसायटी’ स्थापन केली. सोव्हिएत दिग्दर्शक आयझेनस्टाइन यांच्या ‘बॅटलशिप पोटेमकिन’ या चित्रपटाने संस्थेचे कार्य सुरू झाले. सभासद थोडे, निधी त्याहून थोडा, अशी तिची अवस्था होती. पण चित्रपट पाहणे, त्यावर चर्चा करणे, लिहिणे आणि लिहिलेले छापणे ही सवय या संस्थेने लावली. चित्रपटविषयक गंभीर लेखनाला व्यावसायिक चित्रपट मासिकांत फारशी जागा नव्हती. ती जागा फिल्म सोसायट्यांच्या आणि लहान पत्रिकांच्या पानांवर निर्माण झाली.

१९५० मध्ये कीमर संस्थेने राय यांना कामानिमित्त लंडनला पाठविले. सुमारे पाच महिन्यांच्या वास्तव्यात त्यांनी शंभराच्या घरात चित्रपट पाहिले. व्हित्तोरिओ दे सिका यांचा ‘बायसिकल थीव्ह्ज’ हा इटालियन चित्रपट पाहिल्यावर, नवख्या कलाकारांना घेऊन, प्रत्यक्ष स्थळांवर, कमी खर्चात चित्रपट करता येईल, असा विश्वास त्यांना वाटला. परतीच्या सागरी प्रवासातच त्यांनी ‘पथेर पांचाली’चा आराखडा लिहावयास घेतला.

निर्मात्यांना दाखविण्यासाठी राय यांच्याकडे रूढ अर्थाने पटकथा नव्हती; त्यांच्याकडे चित्रांची वही होती. एकामागून एक येणाऱ्या दृश्यांची ती रेखाटने पाहून निर्माते चकित होत, पण पैसे देण्यास कोणी पुढे येत नसे. अखेर स्वतःच्या विम्यावर कर्ज काढून राय यांनी ऑक्टोबर १९५२ मध्ये काशफुलांच्या माळावर चित्रीकरणास प्रारंभ केला. दुसऱ्या वेळी ते तेथे गेले, तेव्हा गुरांनी ती फुले खाऊन टाकली होती आणि उरलेल्या दृश्यासाठी पुढच्या मोसमाची वाट पाहावी लागली. संग्रहातील पुस्तके आणि ध्वनिमुद्रिका विकल्या गेल्या, पत्नी विजया राय यांचे दागिने गहाण पडले. नोकरी सुरू ठेवून, सुटीच्या दिवशी काम करीत, मध्ये दीर्घकाळ खंड पडत हा चित्रपट पुढे सरकत राहिला. शेवटी पश्चिम बंगाल सरकारच्या अर्थसाहाय्याने तो पूर्ण झाला.

मे १९५५ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आणि ऑगस्टमध्ये कोलकात्यात ‘पथेर पांचाली’ प्रदर्शित झाला. त्याची श्रेयनामावली हातकागदावर हाताने लिहिलेल्या अक्षरांत आहे. जुन्या पोथीचे पान उघडावे, तसा चित्रपट उघडतो. ही श्रेयनामावली म्हणजे त्या चित्रपटाचे मुखपृष्ठच होय. जाहिरातींची आखणीही राय यांनी स्वतः केली. चित्रपटाच्या यशानंतर त्यांनी नोकरी सोडली आणि पूर्णवेळ दिग्दर्शनाचा मार्ग पत्करला.

दोन मासिके, एक वर्ष

१९६१ पर्यंत राय यांचे नाव जगभर झाले होते. ‘अपराजितो’ला १९५७ मध्ये व्हेनिस महोत्सवात सुवर्णसिंह मिळाला होता आणि ‘अपूर संसार’ने अपूची चित्रत्रयी पूर्ण झाली होती. १९६१ हे रवींद्रनाथ टागोर यांच्या जन्मशताब्दीचे वर्ष असल्याने रवींद्रनाथांवरील माहितीपट आणि त्यांच्या कथांवरील ‘तीन कन्या’ ही दोन्ही कामे त्याच वर्षी पूर्ण झाली. एवढ्या व्यापात त्यांनी दोन मासिकांशी स्वतःला जोडून घेतले.

पहिले मासिक ‘संदेश’. आई सुप्रभा राय यांचे १९६० मध्ये निधन झाले होते. पुढच्याच वर्षी, वयाची चाळिशी गाठत असताना, राय यांनी कवी सुभाष मुखोपाध्याय यांच्या साथीने आजोबांचे मासिक पुन्हा सुरू केले. व्यवहाराच्या दृष्टीने हा निर्णय फायद्याचा नव्हता. मासिकाला चित्रे हवीत म्हणून राय पुन्हा चित्रकार झाले आणि मजकूर हवा म्हणून लेखक झाले. प्राध्यापक शंकू हा विक्षिप्त शास्त्रज्ञ आणि फेलूदा हा गुप्तहेर ही त्यांची दोन्ही लोकप्रिय पात्रे ‘संदेश’च्या पानांवरच जन्मली. लीला मजुमदार आणि नलिनी दास या आप्तांनी संपादनाचा भार वाटून घेतला. पुढे हे मासिक एका सहकारी संस्थेमार्फत चालविले गेले. जे मासिक पैशाअभावी बंद पडले होते, ते टिकविण्यासाठी राय यांनी आपला वेळ आणि हात दोन्ही दिले.

दुसरे मासिक ‘एक्षण’. ‘अपूर संसार’मधील नायक सौमित्र चटर्जी आणि त्यांचे मित्र निर्माल्य आचार्य यांनी १९६१ मध्ये ही साहित्यपत्रिका काढली. एक्षण म्हणजे आता, हाच क्षण. हे नाव राय यांनीच सुचविले. पाठीशी मोठी संस्था नाही, जाहिराती तुरळक आणि अंक निघण्याच्या तारखा अनिश्चित, अशी तिची वाटचाल होती. मराठी वाचकांना लघुनियतकालिकांच्या चळवळीमुळे हे चित्र परिचित आहे. निबंध, कविता आणि जुन्या आत्मकथनांबरोबरच राय यांच्या पटकथाही या पत्रिकेत प्रसिद्ध होत. पटकथा हा प्रकार वाचनीय साहित्य मानण्याची प्रथा त्या काळी रूढ नव्हती. ‘एक्षण’मधील पटकथांमुळे चित्रपट वाचण्याची सवय बंगाली वाचकांना लागली.

तीन अक्षरांचा प्रश्न

‘एक्षण’च्या मुखपृष्ठासाठी राय यांनी योजलेली कल्पना वरवर पाहता अगदी साधी होती. मासिकाचे नाव बंगाली लिपीत तीन अक्षरांचे आहे : ए, क्ष आणि ण. मुखपृष्ठावर चित्र नाही, छायाचित्र नाही, लेखकांची छबी नाही. ही तीन अक्षरेच मुखपृष्ठ व्यापतात. मात्र त्यांचे रूप अंकागणिक बदलते. कधी कुंचल्याचे जाड फटकारे, कधी नेमक्या भौमितिक रेषा, कधी नक्षीची गुंफण, असे वेगवेगळे आकार ती धारण करतात.

मासिकाच्या मुखपृष्ठापुढे एक मूलभूत पेच असतो. दुकानाच्या मांडणीत किंवा पदपथावरील विक्रेत्याकडे ते दिसताच नेहमीच्या वाचकाला ओळख पटली पाहिजे. म्हणजे ते दर वेळी सारखे असावे. पण हा नवा अंक आहे, मागील नव्हे, हेही कळले पाहिजे. म्हणजे ते दर वेळी वेगळे असावे. बहुतेक मासिके यावर ठरावीक तोडगा काढतात : नाव कायम ठेवतात आणि चित्र बदलतात. राय यांनी हा क्रम उलटा केला. त्यांनी चित्रच काढून टाकले आणि नावालाच चित्र केले. तीन अक्षरे तीच राहिली, म्हणून ओळख राहिली. रूप बदलले, म्हणून नवेपण राहिले. शिवाय या पद्धतीत छायाचित्राचा ठसा लागत नव्हता आणि थोड्या रंगांत काम भागत होते. लहान पत्रिकेला परवडेल असा तो उपाय होता.

यासाठी अक्षराच्या अंगभूत रचनेचे ज्ञान आवश्यक होते. अक्षर किती ताणले तर ते अक्षर राहते आणि कोठे ते केवळ आकार बनते, ही सीमारेषा सूक्ष्म असते. बंगाली लिपीत देवनागरीप्रमाणेच शिरोरेषा आहे, जोडाक्षरे आहेत. ‘क्ष’सारख्या गुंतागुंतीच्या जोडाक्षरातील वळणे सैल किंवा घट्ट करून राय त्याला तोलून धरीत. वाचकाला नाव वाचता येते, पण ते वाचण्यासाठी क्षणभर थांबावे लागते. तेवढ्या थांबण्यानेच पाहणारा वाचक होतो.

एखाद्या गोष्टीचे सार शोधावे, बाकीचे निर्धाराने गाळावे आणि उरलेल्या थोडक्यात सारे सामावेल अशी रचना करावी, हीच त्यांच्या चित्रपटांची रीत होती. ‘पथेर पांचाली’तील दुर्गेच्या मृत्यूची वार्ता वडिलांना कळते, तेव्हा आईचा आक्रोश ऐकू येत नाही, त्या जागी तारशहनाईचा स्वर येतो. ‘चारुलता’च्या शेवटी पती-पत्नींचे एकमेकांकडे सरकणारे हात स्थिरचित्रात थांबतात. एका आकारात संपूर्ण आशय साठविण्याची ही सवय मुखपृष्ठांनी लावलेली होती.

अक्षरे, बोधचिन्हे आणि लाल वह्या

राय यांनी आपल्या चित्रपटांची भित्तिपत्रके, श्रेयनामावल्या आणि जाहिराती आयुष्यभर स्वतः आखल्या. चित्रपटाची पूर्वतयारी ते लाल कापडी बांधणीच्या, दुकानदार हिशेबासाठी वापरतात तशा वह्यांत करीत. संवाद, दृश्यांची रेखाटने, वेशभूषा, नेपथ्य, संगीताच्या नोंदी आणि शीर्षकाच्या अक्षरांचे प्रयोग हे सारे त्या एकाच वहीत असे.

रोमन लिपीसाठीही त्यांनी अक्षरवळणे तयार केली. ‘राय रोमन’, ‘राय बिझार’, ‘डॅफ्निस’ आणि ‘हॉलिडे स्क्रिप्ट’ ही त्यांची नावे. यांपैकी ‘राय रोमन’ आणि ‘राय बिझार’ यांना १९७१ मध्ये आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पारितोषिक मिळाले. भारतीय वाचकांना सर्वाधिक परिचित असलेले त्यांचे रेखाटन मात्र बहुधा त्यांच्या नावाने ओळखले जात नाही. साहित्य अकादमीचे बोधचिन्ह त्यांनी तयार केले आहे. अकादमीने प्रकाशित केलेल्या मराठी पुस्तकांवरही तेच चिन्ह असते. कोलकात्यातील ‘नंदन’ या चित्रपट केंद्राचे बोधचिन्हही त्यांचेच असून १९८५ मध्ये त्यांच्याच हस्ते त्या केंद्राचे उद्‌घाटन झाले.

१९५९ मध्ये स्थापन झालेल्या फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज ऑफ इंडिया या महासंघाचे अध्यक्षपद राय यांनी भूषविले. या चळवळीमुळे देशाच्या इतर भागांतही चित्रपटविषयक स्वतंत्र नियतकालिके निघाली. मुंबईच्या ‘आनंदम फिल्म सोसायटी’ने १९६६ मध्ये आपल्या ‘मोंताज’ या नियतकालिकाचा खास अंक राय यांच्या चित्रपटांना वाहिला. महाराष्ट्रातील कलावंतांशी त्यांचा संबंध पुढेही आला. दूरदर्शनसाठी १९८१ मध्ये त्यांनी प्रेमचंद यांच्या कथेवर केलेल्या ‘सद्गती’ या हिंदी चित्रपटात ओम पुरी यांच्यासमवेत स्मिता पाटील आणि मोहन आगाशे यांच्या भूमिका होत्या.

अखेरची वर्षे

१९८३ मध्ये ‘घरे बाइरे’चे काम सुरू असताना राय यांना हृदयविकाराचा झटका आला. त्यानंतर काही वर्षे त्यांना चित्रीकरणाचे कष्ट झेपण्यासारखे नव्हते. या सक्तीच्या विश्रांतीत लेखन आणि रेखाटन यांची सोबत त्यांना होती. १९८७ मध्ये त्यांनी वडिलांवर ‘सुकुमार राय’ हा माहितीपट केला. ज्या पित्याचा सहवास जवळजवळ लाभलाच नाही, त्याची ओळख पुत्राला मुख्यत्वे छापील पानांतून झाली होती. माहितीपटातही ती पाने आणि ती चित्रेच प्रामुख्याने बोलतात.

१९८४ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार राय यांना मिळाला. मार्च १९९२ मध्ये, रुग्णालयात असतानाच, त्यांना चित्रपटांतील एकूण कार्याबद्दलचे ऑस्कर प्रदान करण्यात आले. त्याच वर्षी ‘भारतरत्न’ हा देशाचा सर्वोच्च नागरी सन्मान त्यांना जाहीर झाला. २३ एप्रिल १९९२ रोजी कोलकाता येथे त्यांचे निधन झाले. ‘एक्षण’ची धुरा अनेक वर्षे वाहणारे निर्माल्य आचार्य १९९५ मध्ये निवर्तले आणि त्या पत्रिकेचा प्रवासही थांबला. ‘संदेश’ची जबाबदारी राय यांचे पुत्र, दिग्दर्शक संदीप राय यांनी स्वीकारली.

राय यांच्या चित्रपटांच्या प्रती जगभरातील संग्रहालयांत जतन केल्या गेल्या आहेत. लहान पत्रिकांच्या मुखपृष्ठांचे नशीब वेगळे असते. त्यांची छपाई मर्यादित, कागद साधा. अंक वाचून झाला की तो रद्दीत जाण्याचीच शक्यता अधिक. हे ठाऊक असूनही राय यांनी त्या कामात कधी कसूर केली नाही. व्हेनिसमध्ये गौरविलेला दिग्दर्शक कोलकात्यातील आपल्या घरी तीन अक्षरे पुन्हा नव्याने कशी लिहावीत, याचा विचार करीत बसे. मोठ्या पडद्यासाठी आणि छोट्या पत्रिकेसाठी त्यांच्याकडे दोन वेगळी मापे नव्हती. आपल्या घरचा छापखाना ज्यांना वाचविता आला नाही, त्यांनी इतरांच्या आणि आपल्याही छापील पानांना दिलेली ही साथ त्यांच्या चित्रपटांइतकीच टिकाऊ ठरली आहे.